अंतऱ्याच्या सेहेचाळीस पट्ट्या

कानाच्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि त्यावरची रेघ पेनाने दाखवली. डावीकडून निघालेली रेघ थोडा वेळ नीट चालत होती, मग अंगातलं बळ सरल्यासारखी खाली खाली जात कागदाच्या तळाला टेकली होती. चैतालीने नजर दुसरीकडे वळवली. बाबांनी मात्र तो कागद डोळ्यांसमोर आडवा धरला आणि एक डोळा मिटून त्या रेघेकडे बघितलं. रंधा मारलेली फळी सरळ आहे का, हे ते असंच बघायचे.

“उतार चांगला आहे,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, पेशंटला ऐकूच आलं नाही. म्हणून ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगू लागले, की हे आता परत येणार नाही, उलट कमीच होत जाणार. वर्ष म्हणा, सहा महिने म्हणा. बाबांनी मान डोलावली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर आल्यावर चैतालीला विचारलं, “रंगरावच्या वारज्याच्या जमिनीला एवढाच उतार असेल, नाही?”

हे दोन हजार सालच्या गणपतीनंतरचं. चैताली तेव्हा नववीत. बाबांनी, म्हणजे सीताराम मिस्त्रींनी, पिंपरीकडच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्न केले होते. लोखंडाचा कुठलाही नग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, मग वाळूत दाबून त्याचा साचा घेतात. तर तो लाकडातला नग करणारा माणूस म्हणजे बाबा. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर ओतलेले नग घासत-ठोकत असत, त्यातच कान गेले. पुढे काम कॉम्प्युटरवर गेलं आणि बाबा घरी आले. क्वार्टर आईच्या नावावर होतं, खडकीला. आई डिफेन्सच्या ऑफिसात क्लार्क. बाबांच्या नावाची थट्टा कोणी केली, की “बौद्धाच्या घरात सीताराम कसा?” तर ते म्हणत, “छप्पनच्या आधी जन्मलो, त्याला मी काय करणार? नाव बदलायचं तर रेशनकार्डापासून सुरुवात.”

आणि चैताली गात होती. आधी वर्गात हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही, ती ऑगस्टमध्ये शाळेच्या स्टेजवर भूप गाऊन आली आणि त्या दिवसापासून चालायचीसुद्धा वेगळी. घरात येता-जाता, भाजी निवडताना, दात घासताना, एकच बंदिश. फक्त बाबांना ती ऐकू येत नव्हती. माणसांचे आवाज त्यांना ओल्या कापसातून आल्यासारखे येत. चैताली तोंड उघडून मिटते एवढं दिसे, आणि मग ते “छान” म्हणत. पण लाकडावर लाकूड वाजलं, की ते अजून लख्ख ऐकू येई. दाराची कडी नाही, टेलिफोन नाही, पण पाट आपटला की बाबा वळून बघत.

त्यांच्या मनातलं त्यांनी घरी येऊन सांगितलं. उतारावर लाकडाची पन्हाळ टाकायची, तिच्यात लाकडी पट्ट्या पायरीपायरीने बसवायच्या, वरून लाकडी गोटी सोडायची. गोटी एकेका पट्टीवर उतरत जाईल आणि चैतालीची बंदिश वाजेल. स्थायी, अंतरा, सगळी. कान मिटायच्या आत एकदा पुरी ऐकायची.

“आणि ते घरात का नको?” आईने विचारलं.

“पन्नास फूट लागतील.”

“मग वारज्यालाच जा,” आई म्हणाली. “इथे तेवढी जागा असती तर मी कपडे वाळत घातले असते.”

बंदिशीचे सूर लिहून घ्यायला बाबा मंडईमागच्या हेमाबाईंच्या क्लासला गेले. चार वर्षं ते चैतालीला तिथे सोडायला येत, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता.

“आत या की. दारात उभे काय, मीटर बघायला आल्यासारखे,” हेमाबाई म्हणाल्या.

बाबा आत आले, सतरंजीच्या अगदी कडेला बसले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मींड येणार का त्यात?”

चैतालीने बाबांच्या कानाशी जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, “नाही बाई. एक सूर, मग दुसरा. मधे काही नाही.”

“म्हणजे पेटीहून वाईट. पेटीवाले निदान पैसे घेऊन तरी करतात, तुम्ही फुकट करताय.” आणि वही ओढून त्यांनी सगळी बंदिश मात्रांसकट लिहून दिली, रेघा पट्टीने मारून. “सीतारामराव, आमच्याकडे चाळीस मुली शिकल्या. बाप वही घेऊन आलेला हा पहिला.”

जुन्या बाजारातून लाकूड आलं. कुठल्या कुठल्या नव्या कंपन्यांना परदेशातून कॉम्प्युटर येत, त्यांची खोकी तिथे विकायला असत. त्यांची पन्हाळ झाली, तिच्यावर काचेच्या पेल्याची आणि छत्रीची चित्रं तशीच राहिली. पट्ट्यांना मात्र शिसवी हवं, म्हणून बाबांनी मोडलेल्या पलंगांचे पाय शोधून आणले. पट्टी लांब तर सूर खाली, आखूड तर वर. शाळेतून आली की चैताली इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावायची, बाबा पट्टी सुतळीवर ठेवून वाजवायचे, ती मान हलवायची नाहीतर “अजून” म्हणायची, आणि ते केसभर घासायचे. जमली, की स्टीलच्या टेपने मापून तिची लांबी वहीत. डिसेंबर संपेपर्यंत स्थायीच्या बावन्न पट्ट्या झाल्या, आणि अंतऱ्यानंतर मुखड्याला परत यायचं असतं त्यासाठीच्या आठ. त्या सगळ्या वारज्याला नेऊन उतारावर बसवल्या. रंगराव, बाबांचा फाउंड्रीतला जोडीदार, कंबरेवर हात ठेवून बघत होता.

“जय भीम सीताराम. आमच्या बाच्या रानात हितं हुलगं बी उगवलं न्हाई, आन तू गानं पेरतोयस,” तो ओरडून म्हणाला. मग चैतालीकडे वळून हळू बोलला. “पोरी, तुझ्या बापाला सांग, मार्चात ही जागा बिल्डर घेनार हाय. कागद झाल्यात. कॉम्प्युटरवाल्यांचे फ्लॅट. तवर काय वाजवायचं ते वाजवा.” जमिनीची मोजणी करायची म्हणून जाताना तो बाबांचा स्टीलचा टेप घेऊन गेला.

अंतरा जानेवारीत झाला. या खेपेला बाबांनी चैतालीला हाक मारली नाही. वहीत सगळी मापं होतीच. टेप नव्हता, तर जुन्या हत्यारपेटीतली फूटपट्टी काढली आणि सेहेचाळीस पट्ट्या मापाने कापल्या. एका रविवारी सकाळी त्या व्हरांड्यात ओळीने मांडून ठेवल्या आणि म्हणाले, “तू जरा बघून घे.”

चैतालीची त्या दिवशी आंतरशालेय स्पर्धेची शेवटची प्रॅक्टिस होती. केसांत गजरा, पायांत एक चप्पल, दुसरी सापडत नव्हती. ती उकिडवी बसली, लाकडी हातोडी घेऊन तिने खालून वरपर्यंत सरसर वाजवत नेली. गंधार, पंचम, धैवत, वरचा षड्ज. सगळे एकमेकांशी छान जुळलेले. तानपुरा आत कपाटावर होता. तो काढायचा, वायर सोडवायची, प्लग शोधायचा. दोन मिनिटांचं काम. मैत्रीण दीपाली खालून सायकलची घंटी वाजवत होती.

“झक्कास, बाबा,” चैताली म्हणाली आणि त्यांना दिसावं म्हणून अंगठा वर केला.

बाबांचा चेहरा सैल झाला. तेव्हा तिला ते नुसतं समाधान वाटलं. त्यांना त्या पट्ट्यांची आता नुसती टकटक येत होती आणि हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिला फार पुढे कळलं.

स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळी वारज्याच्या उतारावर वीसेक माणसं जमली. फाउंड्रीतले चौघं, विहारातल्या बायका, आईच्या ऑफिसातले दोघं, आणि हेमाबाई, रिक्षातून शालीत गुंडाळून. वाळल्या गवतातून ती पन्हाळ खाली उतरत गेली होती, मधे दगड आला तिथे वळण घेऊन. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी बाभळीची गोटी वरच्या खाचेत ठेवली, आणि पन्हाळीच्या बाजूने खालीपर्यंत चालता येईल अशी जागा मोकळी आहे ना, हे बघून घेतलं. गोटीबरोबर चालायचं, कान पट्ट्यांजवळ ठेवायचा, असं त्यांचं ठरलं होतं.

गोटी सुटली.

आणि वाजलं. खरंच वाजलं. कोरडा, गोल, नितळ आवाज. त्या उघड्या माळावर भूप असा उतरू लागला, की विहारातली मुक्ताईमावशी तोंडाला पदर लावून उभी राहिली. बाबा वाकून, जवळजवळ पळत, गोटीच्या बरोबरीने जात होते. स्थायी त्यांना येत होती. अर्धी असेल, पाव असेल, पण येत होती. त्यांचे ओठ मात्रा मोजत होते आणि डोळ्यांतून पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं होतं. चैतालीने बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आता हे माझ्या छातीत मावणार नाही.

मग गोटी अंतऱ्यावर आली आणि जमीन खचल्यासारखं झालं. सूर सगळे होते, ओळीने होते, पण अर्ध्या पायरीने खाली. एक मुलगी गाता गाता उठून गेली आणि तिच्या जागी दुसरीच कोणी बसली, तसं. सेहेचाळीस पट्ट्या संपतच नव्हत्या. शेवटी मुखड्याच्या जुन्या आठ पट्ट्या आल्या, सूर जागेवर परतला, आणि त्यामुळे तर मधलं सगळं उघडंच पडलं.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. कौतुकाच्याच होत्या, बऱ्याच जणांना काही कळलंही नसेल. हेमाबाईंनी मात्र शाल सारखी केली. ज्या बाईंनी आयुष्यात कोणाला टोमण्यावाचून सोडलं नाही, त्या गप्प राहिल्या.

बाबा धापा टाकत वर आले. सरळ चैतालीपुढे उभे राहिले. “स्थायी आली मला,” ते म्हणाले. “अंतऱ्याला नुसतं टकटक. लागला का गं अंतरा?”

वीस माणसं बघत होती. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“लागला, बाबा.”

“पुरा?”

“पुरा.”

मग त्यांनी सगळ्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी चैताली शाळेत गेली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. बाबा दूध आणायला गेल्यावर तिने बाबांची वही काढली, हत्यारपेटी काढली. मापं बरोबर, हात बरोबर, मग चूक कुठे? तिने फूटपट्टी उचलली. फाउंड्रीतून आलेली, गुळगुळीत झालेली, कडेला ‘पोलाद’ असं खिळ्याने कोरलेलं. सहज म्हणून तिने आपल्या दप्तरातली प्लॅस्टिकची फूटपट्टी तिच्याशेजारी ठेवली. सुरुवातीला दोन्ही सारख्या. पण पुढे जाता जाता बाबांचा इंच तिच्या इंचाच्या पुढे पुढे सरकत होता, आणि फूट संपेपर्यंत पाव इंचाचा फरक पडला होता.

बाबा दारात उभे होते, हातात दुधाची पिशवी. त्यांना सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी पाहिल्या आणि तिथेच पाटावर बसले.

“आकसण्याची पट्टी,” ते म्हणाले. “पोलाद निवताना आकसतं. फुटाला पाव इंच. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पट्टीच मोठी असते, म्हणजे हिशेब करत बसायला नको.” त्यांनी पट्टी उलटी केली, परत सुलटी केली. “एकतीस वर्षं पोलादासाठी कापलं. लाकूड कशाला आकसेल?”

“बाबा, मी तानपुरा लावला नव्हता.”

त्यांना ते ऐकू आलं नाही. चैतालीने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: त्या दिवशी मी तानपुरा लावला नव्हता. काल अंतरा लागला नव्हता, मी खोटं बोलले.

बाबांनी दोनदा वाचलं. चैताली वाट बघत होती, की ते आता रागावतील, हात उगारतील, काहीतरी. त्यांनी वही मिटली.

“लांब आहेत हे नशीब,” ते म्हणाले. “आखूड असत्या तर गेलंच होतं. लांब पट्टी कापता येते.”

संध्याकाळी आई ऑफिसातून आली, तिला चैतालीने रडत रडत सगळं सांगितलं. आईने पर्स खुंटीला अडकवली. “तुझ्या बापाला खोटं सांगणं सोपं आहे गं,” ती म्हणाली. “त्याला काहीही सांगितलं तरी तो छानच म्हणतो. म्हणून तर सांगायचं नसतं.”

अंतऱ्याच्या पट्ट्या उतारावरून सोडवून घरी आणल्या, आणि पुढचे तीन आठवडे चैतालीने क्लास बुडवला, दीपालीला चार वेळा परत पाठवलं. रोज संध्याकाळी तानपुरा लागायचा, ती वाजवायची, “अजून” म्हणून बोटाने दाखवायची, बाबा घासायचे. एकेका पट्टीला अर्धा तास जाई. आधी ते स्वतः वाजवून बघत, मग हळूहळू नुसतं तिच्या तोंडाकडे बघू लागले. एका संध्याकाळी तिच्या हातून हातोडी फरशीवर पडली, बाबांच्या अगदी पाठीमागे. ते पट्टी घासतच राहिले. आई कणीक मळताना थांबली आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लाकूडसुद्धा गेलं होतं.

पट्ट्या अजून अकरा राहिल्या होत्या, त्या केल्या.

मार्चच्या पहिल्या शनिवारी ते वारज्याला गेले. या खेपेला कोणाला बोलावलं नव्हतं. चैताली, बाबा आणि रंगराव. उताराच्या खाली पिवळं यंत्र येऊन उभं राहिलं होतं, त्याचा ड्रायव्हर सावलीत डबा घेऊन बसला होता. “बाराला सुरू करनार हाय ते,” रंगराव म्हणाला. “म्या त्येला जेवान सावकाश कर म्हनलंय.”

सकाळभर त्यांनी अंतऱ्याच्या पट्ट्या परत बसवल्या. मग बाबांनी गोटी खाचेत ठेवली, पण सोडली नाही. चैतालीला पुढे केलं आणि स्वतः पन्हाळीच्या मध्यावर, जिथे अंतरा सुरू होतो तिथे, जाऊन उभे राहिले.

तिने गोटी सोडली. स्थायी उतरली. वळणावरून गोटी अंतऱ्यावर आली. मग गंधार, पंचम, धैवत, आणि वरचा षड्ज असा लागला, की बिनपाण्याचा तो माळ क्षणभर वर उचलल्यासारखा झाला. एक सूर, मग दुसरा, मधे काही नाही, आणि तरी सगळं होतं. खालचा ड्रायव्हर घास हातात धरून वर बघत राहिला. रंगरावने टोपी काढली.

बाबा गोटीकडे बघत होते. ती समोरून गेली, दिसेनाशी झाली, आणि ते तिथेच उभे राहिले, कोणी हाक मारील म्हणून थांबल्यासारखे.

चैताली धावत खाली आली.

“लागला?” त्यांनी विचारलं.

“लागला,” ती म्हणाली. मग आठवून, मोठ्याने, तोंड स्पष्ट हलवून: “लागला, बाबा.”

“मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस.”

ते हसून म्हणाले, अगदी साधं, नेहमीच्या थट्टेतलं. पण चैतालीकडे दुसरा शब्द नव्हता. खऱ्यासाठी वेगळा काही शब्द असता तर तिने तो आत्ता त्यांच्या हातात ठेवला असता. तिने त्यांचा हात धरला, पट्टीवर टेकवला, रंगरावने गोटी परत सोडली. बाबांनी तळव्याखाली थरथर गेली तेवढी जाऊ दिली आणि मान हलवली. “गोटी येऊन गेली, ते कळलं,” ते म्हणाले.

तीन वेळा सोडली. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही. साडेअकरा झाले तेव्हा त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

पन्हाळ रंगरावला चुलीसाठी द्यायची होती, पट्ट्या तेवढ्या न्यायच्या होत्या. बाबा अंतऱ्याच्या टोकापासून एकेक पट्टी सोडवून चैतालीला देऊ लागले. तिने पहिली हातात घेतली, सुतळीवर टांगती धरून गोटीने हलकेच वाजवली, ऐकली, मान हलवली आणि पोत्यात ठेवली. बाबा स्क्रू-ड्रायव्हर थांबवून तिच्याकडे बघत होते. तिने मान हलवल्यावर ते दुसऱ्या पट्टीकडे वळले. तिसरी, चौथी. ती वाजवायची, ते थांबायचे. तिने मान हलवल्याशिवाय त्यांनी एकही पुढची पट्टी सोडवली नाही.

खाली यंत्र सुरू झालं. आता चैतालीलाही नीट ऐकू येईना. ती पट्टी कानाला लावून वाजवू लागली, एकेक, घाई न करता, आणि बाबा प्रत्येक वेळी उन्हात तसेच उभे राहून, तिच्या तोंडाकडे बघत, थांबत राहिले.